गुप्त गुरूंचा इतिहास उघडपणे लिहिता येतो का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "ज्या पंथाचं मर्म दीक्षितांनाच कळतं, त्याचा इतिहास बाहेरच्या माणसाने तटस्थपणे लिहायचा कसा?" आज आपण हा प्रश्न थिऑसॉफिकल सोसायटीच्या उदाहरणावरून पाहू.

ही संस्था १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. मॅडम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत आले. १८८२ अखेरीस त्यांनी मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलवला. हिमालयापलीकडचे 'महात्मे' आपले गुरू आहेत, त्यांची पत्रं येतात, असं ब्लाव्हॅट्स्कीबाईंचं सांगणं.

आता, महात्म्यांजवळ अलौकिक सामर्थ्य होतं का, याचा निवाडा इतिहासाच्या साधनांनी होत नाही. पण पत्रं तर आहेत ना? त्यांतली बरीचशी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेली आहेत. अक्षर, कागद, पत्र कोणाला केव्हा मिळालं, हे तपासता येतं.

तशी तपासणी झालीही. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन यांना अड्यारला पाठवलं. १८८५च्या अहवालात त्यांनी बाईंना लबाड ठरवलं. वर, त्या रशियाच्या हितासाठी काम करत असाव्यात, असा तर्कही केला! चौकशी चमत्कारांची, आणि निष्कर्षात साम्राज्याचं राजकारण. म्हणजे बाहेरचा माणूसही मोकळ्या मनाने येतोच असं नाही.

आम्ही स्वतः हा अहवाल अनेक वर्षं वर्गात अंतिम निकाल म्हणून सांगितला. पुढे व्हर्नन हॅरिसन यांचा १८८६ नव्हे, १९८६चा लेख वाचला. तो त्याच संस्थेच्या नियतकालिकात आला होता. हस्ताक्षरांचा हॉजसन यांचा पुरावा आरोप सिद्ध करायला पुरत नाही, असं त्यांनी दाखवलं. त्यामुळे महात्मे खरे ठरले का? अजिबात नाही. फक्त 'सिद्ध झालं' हे आमचं वाक्य आम्हाला मागे घ्यावं लागलं. ते जड गेलं, हे कबूल करतो.

आतल्या माणसाची अडचण वेगळी. पुरावा नसला की "ते गुप्तच असतं" असं त्याला म्हणता येतं. पण त्याला वगळूनही चालत नाही. ऑल्कॉट यांच्या रोजनिश्यांशिवाय सोसायटीच्या सुरुवातीच्या वर्षांचा इतिहास कसा लिहिणार? त्या वाचाव्यात, आणि बाहेरच्या कागदांशी ताडून पाहाव्यात.

शिवाय श्रद्धेचे परिणाम तर उघड्यावरच घडतात. अॅनी बेझंट सोसायटीच्या अध्यक्ष असतानाच १९१६ मध्ये होमरूल लीग काढतात, १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष होतात. हे समजायला दीक्षा लागत नाही.

तेव्हा त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं: दीक्षितांना आत काय दिसलं, ते इतिहासकार सांगू शकत नाही. त्यांनी काय दिसल्याचं सांगितलं, केव्हा, कोणाला, आणि त्यातून पुढे काय घडलं, एवढं तो सांगू शकतो. मात्र नवा कागद पुढे आला की आपलं वाक्य खोडायची त्याची तयारी हवी.