इंझोरीची बोली आणि आमचें हंसणें

आमच्या धाकट्या जाऊबाई इंझोरीच्या. इंझोरी हें वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील एक गांव. कपाशी, तूर आणि अलीकडे सोयाबीन यांवर जगणारें. पुण्यामुंबईच्या वाचकांस हें नांव ठाऊक असण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु त्याच भागांतील कारंजें मात्र आपल्यापैकीं पुष्कळांच्या देवघरांतून परिचयाचें आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचें तें जन्मस्थान. दत्तजयंतीच्या सुमारास ज्या घरांत गुरुचरित्राचें पारायण होतें, त्या घरांत कारंज्याचें नांव आदरानें उच्चारिलें जातें. कारंज्याच्या आसपासची माणसें बोलतात कशी, हा प्रश्न पारायणाच्या वेळीं कोणी विचारीत नाहीं.

तो आमच्या घरीं निघाला लग्नानंतर तिसऱ्या दिवशीं. सकाळची घाई होती. सासूबाईंनीं माजघरांतून विचारलें, "भाताचं काय झालं ग?" नव्या सूनबाई लगबगीनें म्हणाल्या, "होऊन राहिला आई. मी आत्ताच बघून आली." माझा थोरला मुलगा तेव्हां कॉलेजांत होता. त्यानें पानावरूनच विचारलें, "भात राहिला? कुठें राहिला, काकू? कोणाकडे उतरला आहे?" सगळें घर हंसलें. मामंजी हंसले, दीर हंसले, मीहि हंसलें. जाऊबाईसुद्धां हंसल्या. त्या हंसल्या म्हणून आम्हांला वाटलें कीं गंमत झाली.

त्यानंतर त्यांचीं वाक्यें लहान होत गेलीं. "हो", "नाहीं", "ठेवलंय", "येते". आम्ही म्हणत असूं, मुलगी मोठी मितभाषी, शालीन. इंझोरीहून त्यांच्या आईचा फोन आला कीं त्या गॅलरींत जात आणि मागचें दार ओढून घेत. कांचेपलीकडे मात्र कोणी निराळीच बाई दिसे: हातवारे करणारी, मान मागें टाकून हंसणारी, एकसारखी बोलणारी. ती बाई दार उघडून आंत कधींच आली नाहीं. ही गोष्ट मला दिसत होती आणि तिचा अर्थ लावण्यास मला पांच वर्षें लागलीं, हें कबूल केलें पाहिजे.

तो अर्थ लावून दिला त्यांच्याच चार वर्षांच्या मुलानें. त्याची आजी इंझोरीहून चार दिवस राहावयास आली होती. नातवाला पाहून ती माउली म्हणाली, "माह्या पोट्ट्या, किती वाळला रे तू!" वऱ्हाडांत पोट्टा हा मायेचा शब्द आहे. पोरानें तोंड वेंगाडलें आणि आम्हां सर्वांच्या देखत सांगितलें, "आजी, असं घाण नाही बोलायचं." आजी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "हो बाप्पा, चुकली मी." चार दिवसांसाठीं आलेली ती बाई दुसऱ्याच दिवशीं परत गेली. शेतांत काम निघालें, असें सांगून.

मुलाला हें कोणी शिकविलें? कोणीच नाहीं. घरांत कशाला हंसतात हें मूल भाषेच्या आधीं शिकतें.

आतां ज्या 'शुद्ध' भाषेच्या बळावर आम्ही हंसलों, ती आली कोठून हें थोडें पाहूं. अठराव्या शतकांत पुणें हें पेशव्यांच्या सत्तेचें ठाणें झालें. पुढें इंग्रजी राज्यांत मुंबई इलाख्याच्या शाळा निघाल्या, तेव्हां कोणती मराठी शिकवावी याचा निर्णय करणें भाग पडलें. मोल्सवर्थचा कोश 1831 सालीं निघाला आणि 1857 सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. कोशाच्या कामीं हाताशीं ब्राह्मण शास्त्रीमंडळी होती. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण 1836 चें. मेजर कँडीसाहेब शाळेच्या पुस्तकांची भाषा तपासून देत असत. या सर्व काळांत वऱ्हाड कोठें होतें? 1853 पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें, नंतर इंग्रजांच्या हवालीं झालें, आणि 1903 पासून मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलें गेलें. पुण्यामुंबईच्या मराठीबरोबर तें एका राज्यांत आलें तें थेट 1956 सालीं. म्हणजे मराठी कशी बोलावी याचा निवाडा होत असतां इंझोरी त्या न्यायसभेंत हजरच नव्हती. तिच्या गैरहजेरींत लागलेला निकाल तिला आज ऐकविला जातो.

गंमत अशी, कीं एके काळीं हा निकाल बरोबर उलट होता. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकांत तेथें राज्य करणाऱ्या सर्वसेनानें 'हरिविजय' नांवाचें प्राकृत काव्य रचिलें. तें आज उपलब्ध नाहीं, पण आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञानें त्याची वाखाणणी केलेली आहे. काव्याची सर्वांत उत्तम रीति कोणती, तर वैदर्भी, असें वामनानें सांगितलें. आणि प्राकृतांत त्याच रीतीला वत्सगुल्मावरून 'वच्छोमी' म्हणत. वाशिमचें वळण हेंच सुंदर भाषेचें नांव होतें! त्याच शाखेच्या विंध्यशक्तीचा एक ताम्रपट वाशिमांत सांपडला आहे. त्यांत राजाची वंशावळ संस्कृतांत आहे आणि पुढचा देण्याघेण्याचा व्यवहार प्राकृतांत. थोरवी सांगावयाची एका भाषेंत आणि काम करावयाचें दुसऱ्या भाषेंत, ही आमची खोड निदान सोळाशें वर्षांची जुनी दिसते.

'ण' आणि 'न' यांचेंच घ्या. "आनी, पानी, लोनी" म्हणून नक्कल केली कीं आपल्याकडे हमखास हंशा पिकतो. पण पाणी हें संस्कृत 'पानीय' पासून आलें आणि लोणी हें 'नवनीत' पासून; दोहोंतहि मूळचा 'न' आहे. म्हणून वऱ्हाडी माणूस संस्कृताला अधिक जवळचा, असें मला म्हणावयाचें नाहीं. महाराष्ट्री प्राकृतानें सरसकट 'न' चा 'ण' केला. त्यांतला कांहीं आपण ठेवला, आणि वऱ्हाडीनें पुढें पुन्हां 'न' केला, इतकेंच. दोन्ही बदलच. एकाला आपण शुद्ध म्हणतों, कारण तो आपला आहे.

'होऊन राहिला' विषयीं आमच्या मामंजींचें म्हणणें असें, कीं ही हिंदीची नक्कल आहे. असेल. वऱ्हाडाला हिंदीचा शेजार आहे आणि शेजाऱ्याकडून विरजण आणावें तसे शब्दहि येतात. परंतु हेच मामंजी सकाळपासून 'ॲडजस्ट करा', 'कन्फर्म करून कळवा' असें बोलत असतात, तेव्हां त्यांची मराठी विटाळत नाहीं. इंग्रजीची भेसळ ही विद्वत्ता आणि हिंदीची भेसळ तेवढी अडाणीपणा, हा न्याय भाषेचा नव्हे. कोणत्या शेजाऱ्याचा बंगला मोठा, याचा आहे.

आणि आपलें स्वतःचें काय? आमचें घराणें कोंकणांतलें. चित्पावनी नांवाची स्वतंत्र बोली आपल्या पूर्वजांच्या घरोघर बोलली जात होती. मुलाला तींत 'बोड्यो' म्हणत आणि निम्मे शब्द नाकांतून येत. देशावर आल्यावर ती आपण टाकून दिली. आज कोंकणांत तुरळक घरांतून ती ऐकूं येते. ती टाकतांना आपल्यालाहि कोणी हंसलें असेल काय? 'पोट्टा' घाण आणि 'बोड्यो' विस्मृत; आमच्या घरच्या मुलांस दोन्ही आजींचे शब्द आतां सारखेच परके आहेत.

हें हंसणें निरुपद्रवी असतें तर मीं लेखणी हातीं धरली नसती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाले' त जोतीराव फुल्यांच्या लेखनाची जी संभावना केली, तींत व्याकरणाच्या चुकांवर केवढा भर होता! शास्त्रीबोवांच्या गद्याविषयीं मला आदर आहे. शाळेंत असतां मीं त्यांचीं वाक्यें घोटलीं आहेत. पण फुले शेतकऱ्याच्या पोटाविषयीं बोलत होते आणि उत्तर मिळत होतें तें विभक्तीविषयीं. ज्याचें म्हणणें ऐकावयाचें नसेल त्याचें बोलणें तपासावें, ही युक्ति आजहि चालते. मुलाखतीच्या खोलींत वऱ्हाडी किंवा मराठवाड्यांतील मुलगा तोंड उघडतो आणि पलीकडच्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांत कांहीं हालतें. पुढचें तो जें सांगतो तें अर्धेंच ऐकलें जातें. 'ती फुलराणी' पुलंनीं 1975 सालीं रंगभूमीवर आणली, ती आपण टाळ्या वाजवून पाहिली. मात्र फुलराणी सुधारली म्हणून टाळ्या वाजविल्या कीं तिला सुधारावें लागलें म्हणून वाईट वाटलें, हें कोणी कोणाला विचारलें नाहीं.

याला एक ठळक अपवाद झाला. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यांतले. 1956 सालीं देह ठेवीपर्यंत ते वऱ्हाडींतच बोलले. मुंबईच्या कीर्तनांतहि त्यांनीं बोली बदलली नाहीं, आणि मोठमोठे पदवीधर मांडी घालून ऐकत बसत. श्रोत्यांस ते प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्यांना कोणी हंसल्याचें ऐकिवांत नाहीं. मात्र त्यासाठीं माणसाला गाडगेबाबा व्हावें लागतें. भात शिजला कीं नाहीं एवढेंच सांगणाऱ्या सुनेस ती सवलत नसते.

गेल्या वर्षीं एका लग्नाच्या निमित्तानें मी इंझोरीस जाऊन आलें. विहीणबाईंनीं मागचें कांहीं काढलें नाहीं. त्यांच्या अंगणांत बसून मीं पहिल्यांदाच ती बोली मोकळी ऐकली. विहीर ती 'ईर', विस्तव तो 'इस्तो', डोळा तो 'डोया'. 'कां' ला 'काहून'. आणि चार माणसांना हांक मारावयाची ती 'राजेहो' म्हणून! शेतमजूर शेतमजुरांना 'राजेहो' म्हणतो आहे, हें ऐकून मला आमच्या 'अहो, इकडे या' ची लाज वाटली.

मात्र तेथें आणखीहि एक गोष्ट पाहिली. मानोरा तालुक्यांत बंजारा समाजाची वस्ती मोठी. त्यांचें पोहरादेवी हें तीर्थ याच तालुक्यांत आहे. तांड्यावरच्या मुलांची घरची भाषा गोरमाटी. तिचें नातें राजस्थानी बोलींशीं. विहीणबाईंच्या ओसरीवर शेजारचीं मुलें चित्रांचें पुस्तक घेऊन खेळत होतीं. भाकरीच्या चित्रावर बोट ठेवून तांड्यावरची एक मुलगी म्हणाली, "बाटी." सगळीं मुलें खो खो हंसलीं. सर्वांत मोठ्यानें कोण हंसला? आमचाच, आईबरोबर आलेला. तो हंसला त्याचें नवल नव्हतें. पण 'पानी' आणि 'लोनी' म्हणणारीं इंझोरीचीं मुलेंहि तितक्याच उत्साहानें हंसत होतीं. मुलगी पुस्तक मिटून उठली. जाऊबाई स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या, तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "अजून सांग ना. मले येत नाही तुही भाषा. चुलीले काय म्हणतात तुह्या घरी?" मुलीनें सांगितलें कीं नाहीं तें मला कळलें नाहीं, ती फार हळू बोलली. 'मले' हा शब्द मात्र मीं आमच्या जाऊबाईंच्या तोंडून प्रथमच ऐकला.

3 ऑक्टोबर 2024 रोजीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां आमच्या घरीं पेढे आले होते. महानुभावांच्या ज्या 'लीळाचरित्रा' चा उल्लेख त्या वेळीं जो तो करीत होता, तें अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरास, वऱ्हाडच्या मातींत घडलेलें आहे. नागदेवाचार्यांनीं तर आपल्या विद्वान शिष्याला संस्कृतांत ग्रंथ रचूं नको म्हणून सांगितलें, कारण मग गरीब म्हाताऱ्यांस तो कळणार नाहीं. पेढा खातांना हें मीं घरांत बोलून दाखविलें. मामंजी म्हणाले, "ती जुनी मराठी. आतांच्या बोलीची गोष्ट वेगळी." जाऊबाई पेढ्यांचें ताट घेऊन पलीकडे गेल्या.

फोन आला कीं त्या अजून गॅलरींत जातात. दार लावूं नका, असें सांगावें म्हणून मी दोन वेळां उठलें. पण तें सांगावयाचें कोणत्या तोंडानें, म्हणून पुन्हां खालीं बसलें. परवां मात्र दार पुरतें लागलें नव्हतें. फटींतून एवढेंच ऐकूं आलें: "हो वं माय, जेवून राहिली. पोट्टं बी जेवून राहिलं." पोट्टं खरोखरच माझ्यासमोर बसून जेवत होतें. त्यानें मान वर करून माझ्याकडे पाहिलें. मीं त्याला आणखी भात वाढला.