कीबोर्ड-माऊससाठी जुने गोल पोर्ट की यूएसबी?



घरातला जुना डेस्कटॉप मुलांच्या अभ्यासाला आणि ज्येष्ठांच्या पत्रव्यवहाराला अजून उपयोगी पडतो. मात्र कीबोर्ड बंद पडला की पंचाईत होते. नेरडीगोंड्याहून निर्मल किंवा आदिलाबादची फेरी करायची, की कॉम्प्युटरच भंगारात द्यायचा? पुष्कळदा दोन्हींची गरज नसते. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

ओळख कशी पटवावी?

कॉम्प्युटरच्या मागे पाहावे. सहा पिनांचे छोटे गोल पोर्ट म्हणजे पीएस/२. जांभळे कीबोर्डचे, हिरवे माऊसचे. काही कॉम्प्युटरना अर्धे जांभळे, अर्धे हिरवे असे एकच पोर्ट असते. त्यात दोन्हींपैकी कोणतेही लावता येते. चपटे, आयताकृती पोर्ट म्हणजे यूएसबी.

आयबीएम कंपनीने १९८७ साली 'पर्सनल सिस्टम/२' हे कॉम्प्युटर आणले, त्यावरून पीएस/२ हे नाव पडले. त्या काळी कीबोर्ड, माऊस, प्रिंटर प्रत्येकाचे पोर्ट निराळे असे. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९९६ साली यूएसबी आले. इंटेलमध्ये त्या कामात पुढाकार घेणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी.

दोघांत फरक काय?

बँकेचे उदाहरण घेऊ. पीएस/२ कीबोर्ड हा काउंटरवरची घंटा वाजवणाऱ्या ग्राहकासारखा. बटण दाबताच तो स्वतः कॉम्प्युटरला कळवतो. यूएसबीत कॉम्प्युटरच ठरावीक वेळाने 'काही काम आहे का?' असे विचारत राहतो. हे विचारणे सेकंदाच्या काही हजाराव्या भागात होत असल्याने पत्र लिहिणाऱ्याला फरक जाणवत नाही.

महत्त्वाचा फरक जोडणीत आहे. यूएसबी चालू कॉम्प्युटरला लावले-काढले तरी चालते. पीएस/२ मात्र कॉम्प्युटर पूर्ण बंद करूनच लावावे. चालू असताना लावल्यास बहुधा ते ओळखले जात नाही, आणि जुन्या मदरबोर्डवर फ्यूज जाण्याचाही धोका असतो. प्लग फिरवून दाबू नये, पिना वाकतात. खाच जुळवून सरळ बसवावा.

जुन्याचा उपयोग कुठे?

काही जुन्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज सुरू होण्याआधी यूएसबी कीबोर्ड चालत नाही. तिथे पीएस/२ कीबोर्डनेच बायोसमध्ये जाता येते. सुरक्षेसाठी पेन ड्राइव्ह चालू नये म्हणून यूएसबी बंद ठेवलेल्या कार्यालयांतही पीएस/२ उपयोगी पडते.

अडॅप्टर घेताना सावध राहावे. छोटा हिरवा किंवा जांभळा अडॅप्टर फक्त तारा जुळवतो. यूएसबी कीबोर्ड पीएस/२ पोर्टला चालायचा, तर त्या कीबोर्डलाच दोन्ही पद्धती समजाव्या लागतात. आजच्या अनेक कीबोर्डना त्या समजत नाहीत. उलट, जुना पीएस/२ कीबोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीला लावायचा तर आत चिप असलेला कन्व्हर्टर हवा. म्हणून दुकानातच लावून पाहावे.

मग घ्यावे काय?

नवी खरेदी यूएसबीचीच करावी. तो कीबोर्ड पुढे लॅपटॉपलाही चालेल आणि ओटीजी जोडणी असलेल्या बहुतेक मोबाईललाही. चालू स्थितीतला पीएस/२ कीबोर्ड मात्र टाकू नये. अडीअडचणीला तोच धावून येतो.

भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढे करावे. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढावा, पिना तपासून पुन्हा बसवावा आणि कॉम्प्युटर सुरू करून नम लॉकचे बटण दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर बहुधा कीबोर्ड आणि पोर्ट ठीक आहेत. दोष दुसरीकडे शोधावा. दिवा हलत नसेल, तर शेजाऱ्यांचा यूएसबी कीबोर्ड लावून पाहावा. तो चालला तर कॉम्प्युटर शाबूत आहे, खर्च फक्त कीबोर्डचा.

आणि मराठी टायपिंगची चिंता नको. इनस्क्रिप्टची अक्षररचना विंडोजच्या सेटिंगमध्ये असते, पोर्टमध्ये नव्हे. कीबोर्ड गोल पोर्टाचा असो वा चपट्या, 'क' तिथेच उमटेल.