जुनी दुचाकी आणि ‘पास’ या शब्दाचा अर्थ

पहाटे भुईगाव, निर्मळ किंवा आगाशीहून स्थानकांकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहावे. दुधाच्या कॅनांनी, भाजीच्या पोत्यांनी आणि सव्वासहाची गाडी गाठू पाहणाऱ्या नोकरदारांनी लादलेल्या लहान मोटारसायकली एकामागून एक जाताना दिसतील. त्यांतील कित्येक जुन्या आहेत, हे नंबरपाटीवरूनच कळते. वसईच्या परिवहन कार्यालयाचे अक्षरांक एमएच-४८. पण जुन्या गाड्यांवर ठाण्याचे एमएच-०४ असते. हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली. शंभर घनसेंटिमीटरहून थोडे कमी इंजिन, पेट्रोल बेताचे आणि दुरुस्ती कोणत्याही नाक्यावर. म्हणून या गाड्या बापाकडून मुलाकडे येतात, आणि मुलाचे पोटही त्यांच्यावर चालते.

अशा गाडीविषयी मालकाला विचारले, की तो अभिमानाने सांगतो, “गाडी पास झालेली आहे.” आजचा प्रश्न एवढाच आहे, की या ‘पास’ शब्दावर कितपत विसंबावे?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे टिकते. त्यानंतर नमुना २५ चा अर्ज करून गाडी तपासणीस न्यावी लागते आणि ती योग्य ठरल्यास पुढे ५ वर्षांची मुदत मिळते. रिक्षा किंवा टेंपो यांसारख्या भाड्याच्या वाहनांना मात्र पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. परदेशांत पाहावे, तर इंग्लंडात १९६० साली सुरू झालेली तपासणी आज गाडी तीन वर्षांची झाल्यापासून दरवर्षी होते. जर्मनीत मोटारसायकल दर दोन वर्षांनी तपासतात. आपल्या जुन्या दुचाकीला मात्र दोन तपासण्यांत पाच पावसाळे काढावे लागतात.

आता विश्वसनीय तपासणी म्हणजे काय? तिची तीन लक्षणे सांगता येतील. एक, तीच गाडी दोन तपासनिसांनी पाहिली, तर दोघांचा निर्णय एकच यावा. दोन, तपासणीने सदोष गाडी अडवावी आणि निर्दोष गाडी सोडावी. तीन, आजचा निर्णय काही काळ तरी खरा राहावा.

पहिले लक्षण मोजमापावर अवलंबून आहे. “टायर बरे आहेत” हे मत झाले. एकाला बरे वाटेल, दुसऱ्याला वाटणार नाही. पण नियमांनी दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर ठरवली आहे. ती मोजली, की वादाला जागा उरत नाही. चॅसिस क्रमांकाचेही तसेच. पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घेतला, की तो नोंदणी पुस्तकाशी जुळतो किंवा जुळत नाही. जेथे माप आहे तेथे दोन माणसांचे एकमत होते. जेथे केवळ नजर आहे तेथे तपासनीस कितीही प्रामाणिक असला, तरी सकाळच्या पहिल्या गाडीला आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीला एकच न्याय मिळेल याची खात्री नाही.

दुसऱ्या लक्षणासाठी ब्रेकचे उदाहरण घेऊ. चांगल्या ब्रेकने गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदी ५ मीटरने कमी होतो आणि झिजलेल्या ब्रेकने ३ मीटरने, असे धरा. आवारात ताशी १० किलोमीटर वेगाने गाडी चालवून ब्रेक दाबला, तर पहिली सुमारे पाऊण मीटरात थांबेल आणि दुसरी सुमारे सव्वा मीटरात. फरक अर्ध्या मीटरचा. तो नुसत्या डोळ्यांना कळणे कठीण. आता तीच दोन वाहने महामार्गावर ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात आहेत. पहिली ब्रेक लागल्यापासून साडेबावीस मीटरांत थांबते, दुसरीला साडेसदतीस मीटर लागतात. हा पंधरा मीटरांचा फरक म्हणजे ट्रकच्या अलीकडे थांबणे की त्याच्याखाली जाणे, याचा फरक आहे. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हळू चालवून केलेल्या परीक्षेत दोष लपतो. चाकावरची पकड यंत्राने मोजली, तर मात्र तो उभ्या जागी सापडतो.

निर्णय चुकल्यास काय होते, याचा हिशेब करून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, शंभर गाड्या आल्या आणि त्यांतील वीस सदोष आहेत. तपासणी सदोष गाड्यांपैकी शेकडा ८० पकडते आणि निर्दोष गाड्यांपैकी शेकडा ९० सोडते. ही तपासणी कोणालाही चांगलीच वाटेल. पण वीसपैकी सोळा सदोष गाड्या अडल्या व चार सुटल्या. ऐंशी निर्दोष गाड्यांपैकी बहात्तर सुटल्या व आठ अडल्या. म्हणजे पास झालेल्या शहात्तर गाड्यांत दर एकोणीस गाड्यांमागे एक धोक्याची, आणि नापास चोवीस गाड्यांत दर तिघांपैकी एकाचा दिवस व मजुरी उगीच बुडाली. पहिल्या चुकीची किंमत रस्त्यावरचा अनोळखी माणूस देतो, दुसरीची किंमत दूधवाला देतो. सरसकट कडक व्हा म्हटले, तर दुसरी चूक वाढते. सरसकट सैल व्हा म्हटले, तर पहिली. दोन्ही एकदम कमी करायच्या, तर मापच सुधारावे लागते.

तिसरे लक्षण टिकाऊपणाचे, आणि येथे आपला वसईचा किनारा आड येतो. समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यात साचणारे पाणी यांनी लोखंड लवकर गंजते. रंगाखालचा गंज, सायलेन्सरच्या खालच्या बाजूचे भोक, मागच्या चाकाच्या दांड्याचे झिजलेले बुश हे दोष वर्षभरातही वाढू शकतात. ड्रममध्ये पाणी शिरले, की ब्रेकची पकड तात्पुरती मंदावते. शिवाय कोणी तपासणीपुरते दुसऱ्याचे चांगले चाक बसवून आणले, तर दाखला त्या उसन्या चाकाला मिळाला असे म्हणावे लागेल!

पीयूसीचीही येथे गल्लत होते. ते प्रमाणपत्र धुराचे आहे. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३.५ पेक्षा अधिक नसावा, त्यापूर्वीच्या गाडीत ४.५ पेक्षा अधिक नसावा, अशा गोष्टी ते पाहते. ब्रेक आणि टायर यांविषयी ते काहीच सांगत नाही.

मग जुन्या गाड्या सरसकट मोडीत काढाव्यात काय? तसे मला वाटत नाही. वय हा दोष नव्हे. निगा राखलेली वीस वर्षांची गाडी निष्काळजीपणे वापरलेल्या आठ वर्षांच्या गाडीपेक्षा सुरक्षित असू शकते. पण तिला ओळखायचे कसे, तर नीट तपासूनच. म्हणून जुन्या गाडीच्या गरीब मालकालाच चांगल्या तपासणीची सर्वांत अधिक गरज आहे. ब्रेक मोजणारे यंत्र, ठरलेल्या बाबींची लेखी यादी, नापास झाल्यास कारण लिहून देण्याची पद्धत आणि पाच वर्षांपेक्षा कमी अंतर, एवढे झाले तर ‘पास’ शब्दाला वजन येईल.

ते होईपर्यंत काही काम आपल्याच हातात आहे. ड्रम ब्रेकच्या अनेक गाड्यांत मागच्या चाकाजवळ एक लहान बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोहोचला, की ब्रेक शू संपले असे समजावे. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्येच अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेट गेला आहे. टायरची नक्षी, चेनचा सैलपणा आणि मागचा दिवा पाहावा. याला दहा मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही. पावसाळा तोंडावर आला आहे. आज येथून घरी गेल्यावर, गाडी स्टँडवर लावताना, प्रत्येकाने निदान तो बाण तरी पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.