चाव्या मिळाल्या, मेंटेनन्सचे काय?

बीडीडी चाळी बांधून झाल्या तेव्हा त्यांत राहायला फारसे कोणी तयार नव्हते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे काँक्रीटच्या २०७ इमारती उभ्या केल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, नळ-संडास सामाईक. भाडे गिरणी कामगाराला जड आणि वरळी तेव्हा आडबाजूला, त्यामुळे कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने इथल्या काही चाळींचा तुरुंग केला. इमारती पाहता त्यासाठी फार फेरफार करावे लागले नसावेत.

वस्ती हळूहळू भरली. कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार, गोदी कामगार, पोलीस, पालिकेचे कर्मचारी आले. एकेका खोलीत गावाकडचे भाऊबंद पाळीपाळीने झोपत आणि उरलेला संसार गॅलरीत चाले. पुनर्विकासाच्या निमित्ताने सध्या या गॅलरीतल्या एकोप्याचे भरभरून कौतुक होते. ते निम्मेच खरे. काही चाळी बौद्धांच्या, काही सवर्णांच्या, हे सगळ्यांना ठाऊक होते. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीच्या तोंडावर दलित पँथरच्या सभेवरून दंगल पेटली, तेव्हा शेजारच्याच चाळींमध्ये दगडफेक झाली. ‘चाळसंस्कृती’चे गोडवे गाणाऱ्यांच्या लेखांत हे पान सहसा नसते.

वस्तीचा पोत बदलला तो टॉवरमुळे नव्हे, १९८२ च्या गिरणी संपामुळे. गिरण्या बंद पडल्या, लोअर परळमध्ये मॉल आणि कचेऱ्या आल्या. कामगारांच्या मुलांना तिथे काम मिळाले, पण बहुधा सुरक्षारक्षकाचे किंवा डिलिव्हरीचे. भोवतालचे भाव चढत गेले. चाळकरी टिकून राहिले ते जागा सरकारी आणि भाडे नाममात्र म्हणून.

आता म्हाडा शिवडी वगळता १९५ चाळींचा पुनर्विकास करत आहे. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फूट, स्वतःचे संडास-बाथरूम, मालकी हक्क, आणि सगळे विनामूल्य. शंभर वर्षे रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांसमोर गॅलरीसाठी गळा काढणे उद्धटपणाचेच ठरेल.

खरा प्रश्न मेंटेनन्सचा आहे. बारा वर्षे देखभाल मोफत असल्याचे सांगितले जाते. त्यानंतर चाळीस मजली इमारतीच्या लिफ्ट, पाण्याचे पंप आणि अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च सोसायटीवर येईल. निवृत्तिवेतनावर किंवा दहा-पंधरा हजारांच्या पगारावर चालणाऱ्या घराला दरमहाचे ते बिल जड जाणार, आणि घर विकले तर मिळणारा पैसा मोठा असणार. विरार-बदलापूरची वाट गिरणगावातल्या अनेक कुटुंबांनी याआधी याच हिशेबाने धरली आहे.