बांबूचें बेट व कारखान्याची मागणी

बांबू लावावा, कारखाने तो घेतील, असा उपदेश हल्लीं शेतकऱ्यांस वारंवार ऐकावयास मिळतो. हा उपदेश खोटा नाहीं. कागद, रेयॉनचा लगदा, दाबून केलेल्या फळ्या, कोळसा व आतां इथेनॉल इतके पदार्थ बांबूपासून होतात. आसामांत नुमालीगढ येथें सप्टेंबर २०२५ मध्यें ज्या कारखान्याचें उद्घाटन झालें, त्याची योजना वर्षास ५ लक्ष टन ओला बांबू घेऊन सुमारें ४९ हजार टन इथेनॉल काढण्याची आहे. आपल्याकडे विदर्भांत वणी-वरोरा महामार्गावर लोखंडाऐवजीं बांबूचा २०० मीटर लांबीचा कठडा २०२३ सालीं बसविण्यांत आला. मागणी आहे, यांत शंका नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ती पुरवितांना आपलें बेट टिकेल कीं नाहीं? बांबू हा न संपणारा माल आहे असें म्हणतात. परंतु तो आपोआप न संपणारा नाहीं, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

बांबू हा वृक्ष नव्हे, तें एक गवत आहे. वृक्षाचें खोड वर्षानुवर्षें जाड होत जातें. बांबूचें तसें नाहीं. पावसाळ्यांत कंदापासून जो कोंब वर येतो तो आपली पुरी जाडी घेऊनच येतो, व दोन ते चार महिन्यांत पुरी उंची गांठतो. त्यानंतर तो वाढत नाहीं, केवळ पिकतो. आणि ह्या पिकण्यास सुमारें तीन वर्षें लागतात. कोंबास लागणारें अन्न कोंब स्वतः तयार करीत नाहीं. तें आधींच्या काठ्यांच्या पानांनीं तयार केलेलें व कंदांत सांठविलेलें असतें. म्हणजे कोवळ्या काठ्या ह्या बेटाच्या दुभत्या गाई होत. त्या विकून पुढें दुधाची आशा करणें व्यर्थ आहे.

एक हिशेब करून पाहूं. समजा, भरलेल्या बेटांत दरवर्षीं ६ नवे बांबू येतात व चार वर्षांचे मिळून २४ उभे आहेत. दर हिवाळ्यांत तीन वर्षें पुरीं झालेले ६ तेवढे तोडले, तर १८ उरतात. पावसाळ्यांत ६ नवे येऊन पुन्हां २४ होतात. पांच मीटर अंतरानें लावल्यास एकरीं सुमारें १६० बेटें बसतात. तेव्हां ह्या हिशेबानें एकरास ९६० काठ्या दरवर्षीं मिळत राहतील. उलट, व्यापाऱ्यानें उक्ती रक्कम पुढें केली म्हणून २४ ही एकदम तोडले, तर त्या वर्षीं चौपट माल निघतो. पण कंदास अन्न पुरविणारें पान उरत नाहीं. पुढील पावसाळ्यांत कोंब थोडे व बारीक येतात, आणि बेट पूर्वस्थितीस येण्यास कित्येक वर्षें जातात. चौपट म्हणून जें हातीं आलें, तें पुढच्या वर्षांचेंच होतें.

तोडीचे नियम थोडे आहेत. पावसाळ्यांत कोयता बेटाकडे नेऊं नये. हिवाळा लागल्यावर तोड करावी. जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गांठीच्या अगदीं वर काप घ्यावा. पेराच्या मधोमध कापल्यास खुंटांत पाणी सांठून तो कुजतो. नवे कोंब बहुधा कडेस येतात व जुन्या काठ्या मध्यें अडकतात. म्हणून एका बाजूनें वाट करून आंत शिरावें व बेटास घोड्याच्या नालेचा आकार द्यावा. काठीचें वय नजरेनें ओळखणें कठीण जातें. याकरितां दिवाळीच्या सुमारास त्या वर्षींच्या काठ्यांवर रंगाचा पट्टा मारावा, व दरसाल रंग बदलावा.

ह्या शिस्तीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होतें, ह्याचें उदाहरण शेजारींच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यांत दांडेली येथें १९५० नंतरच्या दशकांत कागदाची गिरणी निघाली. तिला सरकारी जंगलांतील बांबू टनास दीड रुपयाच्या आसपास मिळे. बाजारांत बुरुडांस तोच माल कित्येक पटींनीं महाग पडे. पुढें बांबू खालावल्याची ओरड झाली, व १९७५ च्या सुमारास शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीं त्याचा तपास केला. त्यांस असें दिसलें कीं, तोडीच्या सोयीसाठीं बेटाच्या बुडाशीं असलेलें काटेरी आवरण साफ केल्यामुळें कोंब उघडे पडत, आणि गुरें व रानांतील जनावरें ते खाऊन टाकीत. काटे राखावे, हें तेथील गांवकऱ्यांस ठाऊक होतें. त्यांस कोणी विचारलें नाहीं. माल जवळजवळ फुकट मिळूं लागला म्हणजे तो राखण्याची गरज घेणाऱ्यास वाटत नाहीं. जवळचा संपला तर तो लांबून आणतो. शेतकऱ्यास मात्र आपलें शेत उचलून नेतां येत नाहीं.

म्हणून करार करतांना तीन गोष्टी लिहून घ्याव्या. पहिली, भाव ओल्या मालाचा कीं वाळलेल्या, व तो शेतावरचा कीं कारखान्याच्या दारचा. कारण बांबू वाळला म्हणजे वजन बरेंच घटतें, आणि पोकळ मालानें गाडी लवकर भरत असल्यामुळें वाहतूक महाग पडते. दुसरी, तोडावयाच्या काठ्यांचें वय. तिसरी, तोड आपल्या देखरेखीखालीं व्हावी ही. कायद्याची मोठी अडचण आतां राहिलेली नाहीं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यांत बांबूची गणना वृक्षांत होती, ती २०१७ सालीं काढण्यांत आली.

सगळें शेत मात्र बांबूखालीं घालूं नये. पहिलीं चार-पांच वर्षें उत्पन्न येत नाहीं. शिवाय बहुतेक जाती आयुष्यांत एकदांच फुलतात व मग वाळतात. एकाच मूळ बेटाच्या कंदांपासून केलेली सर्व लागवड एकाच वेळीं जाण्याचा संभव असतो. बांध, ओढ्याचा कांठ व हलकी जमीन ह्यांसाठीं निरनिराळ्या ठिकाणचीं रोपें आणावीं.

ज्यांच्या बांधावर जुनें बेट आहे, त्यांनीं येत्या दिवाळींत तेथें कोयता न नेतां रंगाचा डबा न्यावा, व यंदाचे नवे बांबू किती आले तें मोजावें. जेवढे नवे आले, तेवढेच जुने आपल्याला विकावयाचे आहेत.