फॉरमॅट मारून द्या

लॅपटॉप काउंटरवर ठेवण्याआधीच निदान झालेलं असतं. "लई स्लो झालाय. फॉरमॅट मारून द्या." सांगलीत दुरुस्तीचं दुकान चालवताना हे वाक्य कानावर पडलं नाही असा दिवस विरळा. फॉरमॅट हे आपल्याकडे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे, आणि विंडोज बिघडलेलं असेल तर ते लागूही पडतं. पंचाईत होते ती विंडोज ठणठणीत आणि खालची हार्ड डिस्क मात्र शेवटच्या घटका मोजत असते तेव्हा. वरून दोन्हींची लक्षणं एकच. चालू व्हायला पंधरा मिनिटं, क्लिक केलं की गोल फिरत राहणारं चक्र, मध्येच सगळं गोठून जाणं.

परवाचे काका तासगावकडचे. कृषी सेवा केंद्र चालवतात. मी विचारलं, "आत काय काय आहे?"

"काय न्हाई. टॅलीचा डेटा, पोरीच्या लग्नाचे फोटो, आन् संस्थेची पत्रं."

"दुसरीकडे कॉपी आहे?"

"दुसरीकडं कुठली? ह्योच की एक लॅपटॉप."

म्हणजे आत सगळंच होतं.

लॅपटॉप चालू केला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला, आणि त्याच ओळीत प्रत्यक्ष वाचनाचा वेग काही केबी. ही जोडी दिसली की मी पुढे फारसं बघत बसत नाही, सरळ बंद करतो. धडधाकट डिस्क इतकी राबत असेल तर वेग एमबीमध्ये असायला हवा. हिचा सगळा वेळ एकाच जागी अडून बसण्यात जात होता. तबकडीवरचा एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क लगेच हार मानत नाही. हेड किंचित सरकवून, पुन्हा फेरी पूर्ण होऊ देऊन, चूक-दुरुस्तीचं गणित परत मांडून ती तोच सेक्टर वाचायची धडपड करत राहते. लॅपटॉपमधल्या साध्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९०. एका सेक्टरसाठी ती कित्येक सेकंद झटली, तर किती फेऱ्या झाल्या ते बघा. तोवर विंडोज तोंडाकडे बघत थांबलेलं असतं, आणि माणूस म्हणतो लॅपटॉप स्लो झालाय.

कान लावणंही आलंच. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कच्या कडेला आणि मूठ कानाला. एकसारखी बारीक घरघर असेल तर ठीक. काकांच्या डिस्कमधून अधूनमधून कुर्र, मग शांतता, मग पुन्हा कुर्र असं येत होतं. वाईट आवाज वेगळा असतो: ठरावीक अंतराने टक्, टक्, टक्. तिथे हेडला तबकडीवर आपली जागाच सापडत नसते आणि ते माघारी येऊन पुन्हा प्रयत्न करत असतं. तो आवाज आला की मी वीज काढतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो की हे काम माझ्याकडचं नाही.

आता स्मार्ट. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंदवही ठेवते तिचं हे नाव. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर ती उघडून दाखवतं, आणि हल्ली लोक तिचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून भाव विचारतात. त्यात एक गोम आहे. हे सॉफ्टवेअर शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात सोळाच्या पाढ्यात, म्हणजे हेक्समध्ये दाखवतं. काकांच्या डिस्कवर सी५ या ओळीपुढे १३८ होते. आपल्या हिशेबात ते ३१२.

सी५ म्हणजे अडकून पडलेले सेक्टर. वाचता येत नाहीत, पण डिस्कने अजून त्यांना निकालात काढलेलं नाही. ती वाट बघते की कुणीतरी त्या जागी नवं काही लिहील. लिहिणं जमलं तर सेक्टर पुन्हा कामाला लागतो; नाही जमलं तर डिस्क राखीव जागेतला एक सेक्टर त्याच्या बदली लावते आणि नोंद ०५ या ओळीत जाते. फॉरमॅटबद्दलची माझी खरी तक्रार इथे आहे. पूर्ण फॉरमॅट मारला की डिस्कभर शून्यं लिहिली जातात, अडकलेले सेक्टर निकालात निघतात, सी५ शून्यावर येतो. लॅपटॉप चार-सहा आठवडे झकास पळतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. जुना डेटा गेलेला असतो, आणि बिघाड मात्र होता तिथेच असतो, फक्त त्याची नोंद पुसलेली.

नोंदवहीवर विश्वास किती ठेवायचा? २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला होता. त्या लॅपटॉपच्या डिस्क नव्हत्या, पण निष्कर्ष उपयोगी आहेत. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. दुसरीकडे, मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक अशा होत्या की तापमान सोडलं तर स्मार्टच्या एकाही ओळीत कसलीच नोंद नव्हती. तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फोत धोक्याचा पिवळा रंग आला तर तो खरा माना. सगळं ठीक सांगणाऱ्या निळ्यावर मात्र विसंबू नका.

एक ओळ मात्र उलटी फसवते. सी७ वाढलेला असेल आणि बाकी सगळं स्वच्छ, तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसतो, जोडणीचा असतो. काही लॅपटॉपमध्ये डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये कागदासारखी पातळ रिबन केबल असते. ती कनेक्टरमधून जराशी उचलली गेली तरी लॅपटॉप हुबेहूब डिस्क गेल्यासारखा वागतो. 'डिस्क गेली, नवी टाका' असं दुसरीकडे ऐकून आलेल्या एका बाईंचा लॅपटॉप केबल काढून पुन्हा बसवल्यावर आजतागायत चालू आहे. तो सी७चा आकडा कमी मात्र होत नाही. वाढायचा थांबला की समजायचं.

काकांना मी सांगितलं की डिस्क दुरुस्त होणार नाही, आणि आपण ती करायलाही जायचं नाही. त्यांना ते पटेना. "आवो, चेकडिस्क मारा की. पोरगं म्हणत हुतं." विंडोजचं चेकडिस्क फायलींची व्यवस्था लावणारं हत्यार आहे. मरू घातलेल्या डिस्कवर ते तासन्‌तास प्रत्येक सेक्टर चाचपतं, वर आपल्या समजुतीप्रमाणे लिहीतही जातं. मी म्हटलं, "काका, २०१९ ला पाणी घरात शिरायला लागलं तेव्हा भिंतीची ओल काढत बसला होता, का आधी सामान माडीवर नेलं?" मग ते गप्प बसले. चहा मागवला.

त्या पुराचं निघालं म्हणून सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि नंतर दुकानात चिखलाने माखलेले लॅपटॉप येऊ लागले. लोकांनी ते उन्हात वाळवून, हेअर ड्रायर मारून, 'चालू होतो का बघू' म्हणून बटण दाबून आणलेले. भिजलेल्या डिस्कला वीज तर द्यायची नाहीच, पण ती वाळवायचीही नाही. डिस्कला हवा आतबाहेर होण्यासाठी एक बारीक भोक असतं. तिथून गेलेला गाळ वाळला की तबकडीला चिकटून बसतो. ओली आहे तशीच पिशवीत बंद करून लॅबकडे पाठवायची. फ्रीजरमध्ये ठेवायची युक्तीही अधूनमधून कुणीतरी सांगतं. आपल्या हवेत फ्रीजरमधून काढलेल्या कुठल्याही वस्तूवर काय जमतं ते स्वयंपाकघरात बघावं.

कामाला लागलो. बॅटरी सोडवली, मागचं झाकण काढलं, डिस्क कॅडीसकट बाहेर. ही डिस्क आणि तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क, दोन्ही माझ्या टेबलावरच्या लिनक्स मशीनला जोडल्या. लिनक्स अशासाठी की विंडोजला डिस्क दिसली रे दिसली की ते आपणहून तिच्यात नाक खुपसायला लागतं. मग डीडीरेस्क्यू. अंतोनियो दियाझ दियाझ या प्रोग्रामरचं हे फुकट सॉफ्टवेअर, आणि त्याच्यावर माझं निम्मं दुकान चालतं. आज्ञेत आधी जुनी डिस्क, मग नवी. उलट झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. म्हणून एंटर दाबण्याआधी पडद्यावरचा सीरियल नंबर आणि डिस्कच्या लेबलवरचा नंबर बोटाने अक्षर-अक्षर जुळवायचा. इथे मी कुणाशी बोलत नाही.

साधी कॉपी पहिल्या खराब सेक्टरला अडखळते आणि तिथेच झुरत बसते. डीडीरेस्क्यू खराब जागा लागली की उडी मारून पुढे जातं. सोपं ते आधी उचलतं, अवघड ते शेवटी. कुठलं आलं, कुठलं राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये होत राहते, त्यामुळे लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. काकांच्या डिस्कवर वेग सुरुवातीला सेकंदाला ८० एमबी, मग ३०, मग शून्य, मग एकदम पुन्हा ७०. शून्यावर असताना हात शिवशिवतात. काही करायचं नसतं. पंखा डिस्ककडे वळवला आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

दुसऱ्या दिवशी फक्त अवघड जागांसाठी वेगळी फेरी लावली, मग उलट्या दिशेने आणखी एक. ५०० जीबीपैकी शेवटी राहिले जेमतेम दोन एमबी. आता प्रश्न, ते दोन एमबी कुणाचे? डीडीरेस्क्यूला न वाचलेल्या जागा आपण दिलेल्या अक्षरांनी भरायला लावता येतात. मग नव्या डिस्कवर ती अक्षरं कुठल्या फायलींत सापडतात ते शोधायचं. टॅलीच्या फोल्डरमध्ये एकही नाही. लग्नाच्या काही फोटोंत मात्र होती. एकात नवरीच्या हारापर्यंत सगळं लख्ख, त्याखाली राखाडी पट्टा.

पत्रं उघडली तेव्हा काका दचकले. पडद्यावर नुसती किडामिडी चिन्हं. "ही गेली म्हणायची!" ती गेली नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत टाइप केलेली जुनी पत्रं ती. तो फॉन्ट माझ्या लिनक्सवर नसतो, आणि युनिकोडच्या आधीचा मराठी मजकूर फॉन्टशिवाय असाच दिसतो. फॉन्ट टाकला, 'मा. चेअरमन साहेब' समोर उभे राहिले.

काही जण डिस्क उघडून बघायला सांगतात. चालू डिस्कमध्ये हेड आणि तबकडी यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं. सिगारेटच्या धुराचा कणही त्या फटीत मावत नाही. माझं दुकान मार्केट यार्डापासून हाकेच्या अंतरावर, सीझनला हवेत हळद उडत असते. उघडायचीच तर धूळ गाळलेल्या हवेच्या खोलीत, पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये. तिथे बिल हजारांत होतं. आतल्या डेटाची किंमत तेवढी आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

काकांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकली, विंडोज टाकलं, डेटा चढवला. जुनी डिस्क त्यांच्याच हातात दिली आणि भंगारात टाकण्याआधी फोडायला सांगितली, कारण आत बँकेचं सगळं आहे आणि असली डिस्क धड पुसलीही जात नाही. फोडताना फडक्यात गुंडाळा म्हटलं. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते. "ही नवी जायच्या आधी आवाज करंल न्हवं?" त्यांनी विचारलं. नाही करणार. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. पुष्कळदा ती काल होती आणि आज मशीनला दिसतच नाही अशी जाते. मग त्यांनी दर शनिवारी टॅलीचा बॅकअप घ्यायला एक पेन ड्राइव्हही घेतला.

बिल केलं. एसएसडीच्या किमतीवर ते काही बोलले नाहीत. डेटा काढण्याच्या रकमेवर बोट ठेवून म्हणाले, "एवढं कसलं? नुसतं कॉपीच तर मारलंय."