बॉन, बर्लिन आणि कडेवरचे लेकरू

परदेश म्हटला की आपल्या घरांत दोनच नावे निघतात, अमेरिका आणि लंडन. ते साहजिकच आहे. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही नावे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही पाठ असतात. बाबासाहेब लंडनमध्ये ज्या घरात राहिले ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, तेव्हापासून तिकडे जाणाऱ्यांची पावले आपोआप त्या दाराकडे वळतात. जर्मनी मात्र मागे राहते. १९२२ साली बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठात नाव दाखल केले होते, हे चरित्रात दोन ओळींत येते आणि वाचणारा पान उलटतो.

आता तिकडे जाण्याचे निमित्त घरातच निर्माण होऊ लागले आहे. आपली मुले-मुली परिचारिका, तंत्रज्ञ, अभियंते म्हणून जर्मनीत जात आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे. त्याच श्टुटगार्टच्या राज्याशी, बाडेन-वुर्टेनबर्गशी, महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. मुलगा तिकडे स्थिरावला की वर्षभरात बहिणीला फोन येतो, "ताई, दाजींना आणि पिल्लूला घेऊन आठ दिवस ये." मग कागदांचा ढीग घेऊन ती मंडळी आमच्याकडे येतात, कारण अर्ज भरून देणे हे आमचे जुनेच काम आहे.

अशाच एका कुटुंबाची सहल सध्या आम्ही कागदावर आखत आहोत. नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी आणि मुलीची आजी. मामा राईन नदीच्या काठच्या भागात नोकरीस आहे. दाजींच्या मनात दहा दिवसांत सात देश दाखवणारी बससहल होती. आम्ही त्यांना एकच विचारले, "सहा डिसेंबरला लेकीला घेऊन दादरला किती वेळ उभे राहिलात?" रांगेतला तो अनुभव ज्याच्या गाठीशी आहे त्याला बाकीचे सांगावे लागत नाही. लहान मूल बरोबर असेल तर शहरे दोनच घ्यावीत, आणि दिवसाला एकच मोठे ठिकाण. सकाळी ते ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी खेळाचे मैदान. जर्मनीत जवळजवळ प्रत्येक वस्तीत मुलांसाठी चांगले मैदान असते. मुलीच्या दृष्टीने खरी सहल तीच.

पहिले शहर बॉन. मुंबईहून फ्रँकफुर्टला थेट विमान आहे. फ्रँकफुर्टच्या विमानतळाला लागूनच रेल्वेचे स्टेशन आहे, तिथून वेगवान गाडी साधारण पाऊण तासात झिगबुर्ग-बॉन स्टेशनला आणते आणि पुढे ट्रामने बॉन. बॉन १९४९ पासून पश्चिम जर्मनीची राजधानी होते, पण शहर आटोपशीर आहे. बाबागाडी ढकलत बरेचसे पाहता येते.

विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे जुना राजवाडा. विद्यापीठ १८१८ सालचे. १९२२ साली बाबासाहेब इथे आले तेव्हा लंडनचा त्यांचा अभ्यास चालूच होता. जर्मन भाषेचे प्राथमिक शिक्षण त्यांनी कोलंबियात घेतलेले होते. बॉनचे वास्तव्य फार काळ टिकले नाही. ते लंडनला परतले, १९२३ मध्ये मायदेशी आले आणि त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. चलनाच्या किमतीचा अभ्यास करणारा हा विद्यार्थी ज्या देशात आला, त्या देशाचे चलन त्याच सुमारास कोसळत होते. १९१४ साली एका डॉलरला चार मार्क आणि काही फेनिग पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क मोजावे लागले. बॉनच्या बाजारात त्यांनी काय पाहिले, कशाची नोंद केली, हे आपल्या अभ्यासकांनी शोधण्यासारखे आहे.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. बाबासाहेबांनी पाहिलेली ती इमारत ऑक्टोबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली आणि युद्धानंतर पुन्हा उभारली गेली. तेव्हा कोणत्या वर्गात ते बसले असतील हे शोधत आत फिरण्यात अर्थ नाही. समोर होफगार्टेन नावाची मोठी मोकळी हिरवळ आहे. आजीने तिथे बसावे, मुलीने धावावे, आईवडिलांनी फोटो काढावा. एवढे पुरे.

मुलीसाठी बॉनमध्ये आणखी बरेच आहे. राईनाउए नावाचे नदीकाठचे विस्तीर्ण उद्यान आहे. नदीपलीकडे क्योनिग्सविंटर गावातून ड्राखेनफेल्स डोंगरावर दातेरी रुळांची छोटी गाडी चढते, ती १८८३ पासून चालू आहे. ड्राखेनफेल्स म्हणजे ड्रॅगनचा कडा, म्हणजे गोष्ट तयारच! 'हाउस देअर गेशिश्टे' या जर्मनीच्या अलीकडच्या इतिहासाच्या संग्रहालयाला प्रवेशमूल्य नाही. संगीतकार बेटहोफेनचे जन्मघरही इथेच. आणि जगभर खपणाऱ्या हारिबोच्या रबरी गोळ्या १९२० साली याच बॉनमध्ये सुरू झाल्या, नावातला शेवटचा 'बो' म्हणजे बॉनच. मात्र अशा गोळ्यांत बहुधा डुकरापासून केलेले जिलेटिन असते. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी पाकीट वाचून घ्यावे, नाहीतर मुलीने पाकीट फोडल्यावर रडारड ठरलेली.

दुसरे शहर बर्लिन. रेल्वेने चार-पाच तास. इथे लोक भिंत, ब्रांडेनबुर्ग दरवाजा, संग्रहालये पाहतात, तेही पाहावे. मुलीसाठी १८४४ सालचे प्राणिसंग्रहालय आहे. पण आम्ही आखलेल्या दिवसांत पहिला मान फ्रोनाऊचा. शहराच्या उत्तर टोकाला, लोकलच्या एस-१ मार्गावर, फ्रोनाऊ नावाचे झाडीचे उपनगर आहे. तिथे डॉ. पाऊल डालके या होमिओपथीच्या डॉक्टरने १९२४ साली बुद्धगृह बांधले. श्रीलंकेत जाऊन हा मनुष्य धम्माकडे वळला, पाली शिकला, आणि आपल्या देशात येऊन विटा-लाकडांचे विहार उभे केले. १९२८ साली तो वारला. पुढे वास्तूची आबाळ झाली. १९५७ साली श्रीलंकेच्या जर्मन धर्मदूत सोसायटीने ती घेतली आणि तेव्हापासून थेरवादी भिक्खू तिथे राहत आले आहेत. आपल्याकडे १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी बर्लिनचे ते विहार पुन्हा जागे झाले, हा योग आम्हांला फार आवडतो.

रस्त्यावर हत्तींच्या शिल्पांचे दार आहे आणि तिथून टेकडीवर ७३ पायऱ्या जातात. अष्टांगिक मार्गाचे स्मरण म्हणून त्या आठ टप्प्यांत बांधलेल्या आहेत. याच पायऱ्यांवरून घरात खरा वाद झाला. आजीचे गुडघे दुखतात. दाजी म्हणाले, आजीला मामाच्या घरी ठेवू. आजी म्हणाल्या, "दीक्षाभूमीला मी गर्दीत चालत गेले, हिला कडेवर घेऊन. मग तिथवर जाऊन खाली बसू काय?" आमचे मत आजीच्या बाजूने पडले. आठ टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्यावर बसावे, अर्धा तास लागू द्या. त्या दिवशी दुसरे काहीच ठेवायचे नाही. बाबागाडी न्यायची नाही, मुलीला पायांनी चढू द्यायचे आणि पायऱ्या मोजायला लावायच्या.

विहारात पादत्राणे काढावीत, आवाज खाली ठेवावा, दान न्यायचे असेल तर आधी विचारून न्यावे. भिक्खूंचे भोजन दुपारपूर्वी आटोपते, हे आपल्याला सांगायला नको. जर्मन येत नाही म्हणून संकोच करू नये. त्रिशरण-पंचशील सर्वांना येते, आणि पाली तिथेही पालीच आहे. सिंहली भिक्खूंचा उच्चार थोडा निराळा वाटेल इतकेच. आमच्या या मुलीला 'बुद्धं सरणं गच्छामि' येते. पुढचे अर्धे ती गाळते.

आता जरा कठीण भाग. बर्लिनच्या फुटपाथवर चालताना पायाखाली दहा सेंटिमीटर लांब-रुंद पितळी फरशा दिसतात. त्यांवर नाव, जन्मसाल आणि त्या माणसाला कधी व कुठे नेऊन मारले ते कोरलेले असते. बहुतेक ज्यू, काही जिप्सी, काही नाझींचे राजकीय विरोधक. ज्या घरातून माणूस ओढून नेला त्याच घरासमोर ही फरशी. श्टोल्परश्टाईन, म्हणजे ठेच लागायचा दगड, असे त्यांचे नाव. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकात हे काम सुरू केले आणि २०२३ पर्यंत युरोपभर अशा एक लाख फरशा बसल्या. बॉनमध्येही त्या आहेत. पितळ चकाकते, म्हणून मुलाचे लक्ष आईबापांच्या आधी जाते. मूल वाकते आणि विचारते, हे काय?

मुलीच्या आईने आम्हांला विचारले, "भाऊ, काय सांगायचे?" आम्ही बराच विचार केला. छावण्यांच्या स्मारकात चार वर्षांच्या मुलीला नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शहराच्या मध्यभागी २,७११ दगडी ठोकळ्यांचे ज्यूंचे स्मारक आहे, तिथेही मुले लपाछपी खेळू लागतात. आईवडिलांनी आळीपाळीने आत जावे, एकाने मुलीला बाहेर सांभाळावे. पण फरशीपाशी खोटे सांगू नये. "इथे एक आजोबा राहत होते. लोकांनी त्यांना वेगळे ठरवले आणि घरातून काढून दिले. ते विसरू नये म्हणून नाव लिहिले आहे." एवढे बास. पुढचे प्रश्न ती दहाव्या वर्षी विचारील, आणि तेव्हा उत्तर देताना बर्लिनपाशी थांबता येणार नाही, आपल्या गावच्या पाणवठ्यापर्यंत यावे लागेल. गावकुसाबाहेरच्या किती घरांसमोर अशी नावे लिहावी लागतील, हे आजीच सांगू शकतील.

आता कागद. मुलाला स्वतःचे पारपत्र लागते, आईच्या पारपत्रावर मूल जात नाही. जन्मदाखल्यावर मुलाचे नाव आहे का ते आज पाहा. पुष्कळ दाखल्यांवर 'बाळ' एवढेच असते. नाव १५ वर्षांपर्यंत नोंदवता येते, पण वेळ जातो. आपल्याकडे दुसरी अडचण आडनावांची. आजोबांचे एक, वडिलांनी बदलून घेतलेले दुसरे, आईच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरे. बदलाचे राजपत्र सापडत असेल तर प्रत काढून ठेवा. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याची लेखी संमती लागते.

शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, आणि ६ वर्षांखालील मुलांना माफ. हिशेबाला युरो ११० रुपये धरा, उरले तर आपलेच. तीन मोठ्यांचे २७० युरो म्हणजे २९,७०० रुपये, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आम्ही तीन महिने आधी करा म्हणतो. पगारपत्रके, बँकेचा उतारा, कचेरीचे रजापत्र हे तर हवेच. मामा खर्च उचलणार असेल तर त्याचे साधे पत्र पुरत नाही, तिकडच्या परकीय नागरिक कार्यालयातून रीतसर हमीपत्र करून घ्यावे लागते.

सामानात तूप, पेढे, खवा, मटण काही भरू नका. युरोपात बाहेरून मांस व दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. भाजणी, शेंगदाण्याची चटणी न्या. मुलीला तिकडे दूधभात मिळतो, 'मिल्शराईस' नावाने दुकानात डबीत असतो. बटाट्याची धिरडी सफरचंदाच्या गराबरोबर देतात, मुले आवडीने खातात. नळाचे पाणी पिण्याचे असते. रविवारी दुकाने बंद, म्हणून शनिवारीच दूध-पाव आणून ठेवावे. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात असू द्यावीत. मोटारीने जायचे तर मुलाची खास बैठक कायद्याने सक्तीची आहे, मामाला ती आधीच मागवायला सांगा. घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, त्यामुळे इथे सातला उठणारी मुलगी पहिले दोन-तीन दिवस तिकडे पहाटे साडेतीनला उठेल. संकटकाळी ११२, आणि रात्री ताप आला तर डॉक्टरसाठी ११६११७.

आणि खर्चाचे काय? बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारलेच, "एवढ्या पैशात विहाराच्या ग्रंथालयाला किती पुस्तके आली असती?" प्रश्न चुकीचा नाही. पण मुलीची आई शांतपणे म्हणाली, "बाबासाहेब बोटीने गेले, एकटे गेले. माझी मुलगी आजीचा हात धरून जाईल." यावर कोणी बोलले नाही. पुस्तकांची वर्गणीही तिने त्याच बैठकीत दिली.

प्रवास एप्रिलअखेर ते मे मध्ये ठेवला आहे. थंडी सरलेली असते आणि बुद्धपौर्णिमाही याच सुमारास येते. एक मे ची सुट्टी तिकडेही असते, तेवढी गाडीच्या आरक्षणात लक्षात ठेवायची. सहा वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण तिकीट नाही म्हणून बसायला जागाही नाही. कुटुंबासाठीची स्वस्त आरक्षणाची सोय जून २०२५ मध्ये बंद झाली आहे, आता मुलाच्या जागेचे पैसे वेगळे. मामाने तीन जागा धरल्या आहेत. चौथी आजच धरायला त्याला कळवायचे आहे.